डीओ डॉक्टरांच्या परवान्याचा प्रस्तावित नियम : मसुदा कसा वाचावा, हरकत कशी नोंदवावी?

शुभदा, मुलुंड

नमस्कार. माझी मुलगी अमेरिकेतील एका ऑस्टिओपॅथिक वैद्यकीय महाविद्यालयात चौथ्या वर्षाला आहे. पदवीपर्यंतचे शिक्षण तिने तिथेच घेतले आणि मग डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन, म्हणजे डीओ, या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. नेहमीच्या वैद्यकीय शिक्षणासोबत हाताने करायचे उपचारही त्यात शिकवतात. येत्या मार्चमध्ये रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदवीनंतर रुग्णालयात घ्यायच्या प्रशिक्षणाच्या, जागा जाहीर होतील. पूर्व किनाऱ्यावरच्या ज्या राज्यात जागा मिळावी अशी तिची इच्छा आहे, त्याच राज्याच्या ऑस्टिओपॅथिक बोर्डाने परवाना देण्याच्या कार्यपद्धतीचे नियम बदलण्याचा प्रस्ताव प्रसिद्ध केला आहे. राज्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जागा दुसरीकडेही मिळू शकते आणि मला एका राज्यापुरते उत्तर नको आहे.

मी एका विमा कंपनीच्या विधी विभागात नोकरी केली आहे, त्यामुळे कायद्याची भाषा मला नवी नाही. तरी हा मसुदा वाचताना मी अडखळले. काही मजकूर कंसात आहे, काही अधोरेखित आहे, आणि नेमके आज काय लागू आहे ते एका वाचनात कळत नाही. मला समजले ते असे : सध्या पूर्ण परवान्यासाठी पदव्युत्तर प्रशिक्षणाचे एक वर्ष पुरते, ते आता तीन वर्षे होणार आहे. अमेरिकन ऑस्टिओपॅथिक असोसिएशनने मान्य केलेल्या इंटर्नशिपचा उल्लेख जाऊन एसीजीएमईची (पदव्युत्तर वैद्यकीय प्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या अमेरिकन संस्थेची) मान्यता असलेले प्रशिक्षण असा उल्लेख येणार आहे. कॉमलेक्स या डीओंच्या परवाना परीक्षेतील लेव्हल २-पीई या प्रात्यक्षिक परीक्षेची अट वगळली आहे. परीक्षेच्या सर्व पातळ्या सात वर्षांत पूर्ण करण्याची अट नव्याने घातली आहे. रेसिडेन्सीच्या काळासाठी वेगळा प्रशिक्षण परवाना घ्यावा लागेल, त्याचे दरवर्षी नूतनीकरण होईल आणि पहिल्या अर्जासोबत बोटांचे ठसे द्यावे लागतील.

मुलीच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज मोठे आहे. पहिल्या वर्षानंतर पूर्ण परवाना मिळाला तर रेसिडेन्सी सांभाळून सुट्टीच्या दिवशी जास्तीच्या पाळ्या करता येतील, असा तिचा हिशेब होता. तीन वर्षांच्या अटीने तो कोलमडतो. हा मसुदा आजपासूनच लागू समजायचा का? प्रत्येक राज्याचे नियम वेगळे का असतात, आणि काही राज्यांत डीओंसाठी वेगळे बोर्ड का आहे? त्या राज्याची रहिवासी नसलेल्या विद्यार्थिनीने हरकत नोंदवली तर तिची दखल घेतात का? आणि पुढेमागे तिने मुंबईत येऊन व्यवसाय करायचे ठरवले तर ही पदवी इथे चालेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अ. वि. जोगळेकर, दादर

शुभदाताई, मी मंत्रालयात विधी व न्याय विभागात होतो आणि आता निवृत्त आहे. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे : मसुदा प्रसिद्ध झाला म्हणजे नियम लागू झाला असे नाही. अंतिम नियम स्वीकारला जाऊन तो अंमलात येण्याची तारीख उजाडेपर्यंत जुनाच नियम चालतो. आपल्याकडे राजपत्रात मसुदा छापून येतो तेव्हा, अमुक दिनांकास किंवा त्यानंतर शासन तो विचारात घेईल आणि तोपर्यंत आलेल्या हरकती व सूचनांचा विचार केला जाईल, अशी सूचना त्याच्यासोबत असते. मूळ अधिनियमाने पूर्वप्रसिद्धीची अट घातली असेल तेव्हा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १९०४ च्या कलम २४ मधील पद्धत पाळावी लागते. अमेरिकेच्या राज्यांत या कामासाठी प्रत्येक राज्याचा स्वतंत्र प्रशासकीय कार्यपद्धती अधिनियम आहे आणि त्यातल्या मुदती आपल्यापेक्षा फार काटेकोर आहेत.

कॅलिफोर्नियाचे उदाहरण घ्या. तिथे सूचना प्रसिद्ध झाल्यावर लोकांना म्हणणे मांडायला किमान ४५ दिवस मिळतात. त्यानंतर बोर्डाने मसुद्यात मूळ विषयाशी निगडित असा महत्त्वाचा फेरफार केला, तर तो बदललेला मजकूर पुन्हा किमान १५ दिवस लोकांपुढे ठेवावा लागतो. आलेल्या प्रत्येक हरकतीचा गोषवारा आणि तिला दिलेले उत्तर अंतिम कारणमीमांसेत लिहावे लागते. मग सगळी फाइल प्रशासकीय कायदा कार्यालयाकडे जाते. बोर्डाला हा नियम करण्याचा अधिकार आहे का, नियमाची गरज दाखवली आहे का, त्याची भाषा स्पष्ट आहे का, तो इतर कायद्यांशी सुसंगत आहे का, हे ते कार्यालय ३० कामकाजाच्या दिवसांत तपासते आणि कमी पडल्यास फाइल परत पाठवते. सूचना प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षात फाइल तिथे पोहोचली नाही, तर सूचना काढण्यापासून सगळे पुन्हा करावे लागते.

वॉशिंग्टन राज्यात तीन टप्पे आहेत आणि प्रत्येकाचा वेगळा नमुना आहे. आम्ही या विषयात हात घालणार आहोत असे कळवणारा सीआर-१०१, प्रत्यक्ष प्रस्तावाचा सीआर-१०२ आणि स्वीकारलेल्या नियमाचा सीआर-१०३. मुलीच्या राज्यातला कागद यांपैकी कोणत्या टप्प्याशी जुळतो ते आधी पाहा, कारण पहिल्या टप्प्यावर मजकूर अजून ठरलेलाही नसतो आणि तिसऱ्या टप्प्यावर हरकतीची वेळ निघून गेलेली असते.

मसुदा वाचण्याविषयी. कंसात टाकलेला किंवा मधून रेघ मारलेला मजकूर वगळायचा आहे आणि अधोरेखित मजकूर नव्याने घालायचा आहे, अशी तिथल्या बहुतेक राज्यांची रीत आहे. वॉशिंग्टनमध्ये वगळलेला मजकूर दुहेरी कंसात रेघ मारून छापतात, पेनसिल्व्हानियात तो ठळक कंसात येतो. वगळलेला मजकूर झाकून वाचले की उद्याचा नियम दिसतो, आणि अधोरेखित मजकूर झाकून वाचले की आजचा. दोन्ही वाचने वेगवेगळ्या दिवशी करा. त्याआधी व्याख्यांचे कलम वाचा. 'मान्यताप्राप्त प्रशिक्षण' किंवा 'पदव्युत्तर वर्ष' म्हणजे काय हे तिथे ठरते, आणि पुढच्या सगळ्या कलमांचा अर्थ त्यावर उभा असतो. नंतर शेवटचे कलम पाहा. निरसन व व्यावृत्ती, म्हणजे जुना नियम रद्द करणे आणि त्याखाली आधी झालेल्या गोष्टी राखून ठेवणे, तिथे असते. नियम बदलला त्या दिवशी जे लोक अर्ध्या वाटेवर आहेत त्यांचे काय, याचे उत्तर त्या कलमात नसेल, तर आपल्याला हरकत घ्यायला तीच जागा आहे.

माझ्या नोकरीतली बरीच वर्षे हरकतींचे तक्ते तयार करण्यात गेली. पहिल्या रकान्यात हरकत घेणाऱ्याचे नाव, दुसऱ्यात हरकतीचा सारांश, तिसऱ्यात विभागाचे अभिप्राय. छापील नमुन्यावर फक्त सही करून आलेल्या शेकडो पत्रांसाठी तिसऱ्या रकान्यात एकच ओळ लिहिली जात असे. एखाद्या माणसाने पोटकलमाचा क्रमांक देऊन, या शब्दांमुळे अमुक व्यक्तीचे अमुक नुकसान होते आणि त्याऐवजी हे शब्द घालावेत, असे लिहिलेले असले की फाइल वरच्या अधिकाऱ्याकडे चर्चेसाठी जात असे. अशा पत्रांमुळे मसुद्यातले शब्द बदललेले मी अनेकदा पाहिले आहेत. आपल्या मुलीने लिहिताना हे ध्यानात ठेवावे.

रहिवासाबद्दल : लेखी म्हणणे कोणीही मांडू शकते. ती त्या राज्यात अर्ज करणार आहे, म्हणजे नियमाचा थेट परिणाम तिच्यावर होणार आहे. एवढे एका वाक्यात आरंभीच सांगितले की पुरते.

मंजिरी, पेनसिल्व्हानिया

जोगळेकर काकांनी प्रक्रिया इतकी नीट समजावली आहे की मी फक्त आमच्या व्यवसायाच्या बाजूने लिहिते. माझी शाळा गिरगावात झाली. नंतर आम्ही कुटुंबासह इकडे आलो आणि मी डीओ होऊन फॅमिली मेडिसिनमध्ये काम करते आहे.

आधी वेगळ्या बोर्डांविषयी. डॉक्टरांना परवाना देणे हा अमेरिकेत राज्यांचा अधिकार आहे. १८८९ मध्ये डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९२ मध्ये, अँड्र्यू टेलर स्टिल यांनी मिझुरीतल्या कर्क्सव्हिल या गावात ऑस्टिओपॅथीचे पहिले महाविद्यालय काढले. म्हणजे राज्ये परवान्याचे कायदे करत असतानाच हा नवा वर्ग उभा राहत होता. काही राज्यांनी डीओंना आपल्याच वैद्यकीय बोर्डाकडे घेतले, काहींनी स्वतंत्र बोर्ड दिले, आणि काहींनी कित्येक दशके फक्त मर्यादित व्यवसायाची परवानगी दिली. सर्व पन्नास राज्यांत पूर्ण अधिकार मिळायला १९७३ साल उजाडले. आजही पेनसिल्व्हानिया, फ्लोरिडा, मिशिगन, ॲरिझोना, ओक्लाहोमा, कॅलिफोर्निया अशा राज्यांत डीओंचे बोर्ड वेगळे आहे, तर टेक्सास, न्यूयॉर्कसारख्या राज्यांत एमडी (तिथली ही मूळ वैद्यकीय पदवी, आपल्याकडच्यासारखी पदव्युत्तर नव्हे) आणि डीओ एकाच दारातून जातात.

स्वतंत्र बोर्डाचे मोल कॅलिफोर्नियाच्या इतिहासातून कळते. तिथे १९६२ साली दोन्ही व्यवसायांचे विलीनीकरण झाले. दोन हजारांहून अधिक डीओंनी ६५ डॉलर भरून एमडी पदवी घेतली आणि नव्या डीओंना परवाने देणे थांबले. बाहेरच्या राज्यांतून आलेल्या डीओंनी न्यायालयात दाद मागितली आणि १९७४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उठवली. मधल्या बारा वर्षांत तिथे एकाही नव्या डीओला परवाना मिळाला नाही. परवान्याच्या नियमातले एक वाक्य एका पिढीच्या वाटेत कसे उभे राहते, हे त्यावरून दिसते. म्हणून शुभदाताई मसुदा ओळ न ओळ वाचत आहेत याचे मला फार बरे वाटले.

मसुद्यातले दोन बदल काळजीचे नाहीत, उलट ते व्हायलाच हवेत. पूर्वी डीओंच्या रेसिडेन्सी कार्यक्रमांना अमेरिकन ऑस्टिओपॅथिक असोसिएशन मान्यता देत असे आणि एमडींच्या कार्यक्रमांना एसीजीएमई. फ्लोरिडा, मिशिगन, ओक्लाहोमा आणि पेनसिल्व्हानियासह काही राज्यांच्या नियमांत असोसिएशनने मान्य केलेल्या पहिल्या वर्षाच्या इंटर्नशिपची अटच होती. ज्यांनी एसीजीएमईच्या कार्यक्रमात प्रशिक्षण घेतले, त्यांना ते वर्ष समतुल्य ठरवून घेण्यासाठी असोसिएशनकडे वेगळा अर्ज करावा लागत असे. २०१४ मध्ये दोन्ही संस्थांनी एकच मान्यता पद्धत ठेवण्याचा करार केला आणि २०२० च्या जूनमध्ये ते संक्रमण पूर्ण झाले. ज्या मान्यतेचा उल्लेख जुन्या नियमात आहे ती आता कोणी देतच नाही. नियमाचे शब्द न बदलल्यास प्रत्येक अर्जदाराला बोर्डाच्या सौजन्यावर अवलंबून राहावे लागेल.

लेव्हल २-पीईचेही तसेच आहे. रुग्णाची भूमिका करणाऱ्या व्यक्तींना तपासून द्यायची ही प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि तिच्यासाठी फिलाडेल्फियाजवळच्या किंवा शिकागोच्या केंद्रावर जावे लागत असे. कोविडच्या काळात ती स्थगित झाली आणि २०२२ मध्ये कायमची बंद झाली. आता कॉमलेक्समध्ये लेव्हल १, लेव्हल २-सीई (दुसऱ्या पातळीचा ज्ञान तपासणारा भाग) आणि लेव्हल ३ अशा तीन परीक्षा उरल्या आहेत. त्यांपैकी लेव्हल ३ पदवीनंतर, म्हणजे रेसिडेन्सीत असताना द्यायची असते. परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय मंडळानेच २०२२ पासून प्रत्येक पातळीसाठी चार प्रयत्नांची मर्यादा घातली आहे. सात वर्षांची अट अनेक राज्यांत पूर्वीपासून आहे आणि नेहमीच्या गतीने जाणाऱ्या विद्यार्थ्याला तिची अडचण येत नाही. मात्र मध्येच पीएच.डी. करणारे, आजारपणामुळे किंवा बाळंतपणामुळे थांबलेले विद्यार्थी तिच्यात अडकतात. मसुद्यात बोर्डाला सवलत देण्याचा अधिकार आहे का ते पाहा. नसल्यास हरकतीत त्यासाठी एक परिच्छेद खर्च करा.

आता तीन वर्षांची अट. माझ्या मते ती अनावश्यक आहे. दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला पूर्ण परवाना मिळतो म्हणून तो लगेच दवाखाना थाटत नाही. विमा कंपन्या आणि रुग्णालये त्याला तज्ज्ञ म्हणून घेतच नाहीत, कारण ते रेसिडेन्सी पूर्ण झाल्याचे पाहतात. त्या परवान्याचा उपयोग तो लहान गावांच्या रुग्णालयांत रात्रपाळी करण्यासाठी करतो, आणि त्या रुग्णालयांना माणसे मिळतच नाहीत. अट तीन वर्षांवर गेली तर या पाळ्या रिकाम्या राहतील. ही अडचण त्या गावांतल्या रुग्णांची आहे आणि बोर्डापुढे ती मांडणारे फार थोडे असतात.

डॉ. हेमंत, परळ

मंजिरीताईंच्या शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत नाही. महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयात मी अनेक वर्षे निवासी डॉक्टरांना शिकवले आहे. एका वर्षाच्या अनुभवावर रात्री एकट्याने विभाग सांभाळणारा डॉक्टर किती दडपणाखाली असतो ते मला ठाऊक आहे. मोठ्या रुग्णालयात हाक मारली तर वरिष्ठ येतो. लहान गावात रात्री दोन वाजता येणार कोण? ज्या रुग्णाला निवडच नाही त्याच्या वाट्याला सर्वांत कमी अनुभवाचा डॉक्टर यावा, हे मला पटत नाही. तीन वर्षांची अट मला योग्य वाटते. जे आधीच प्रशिक्षणात आहेत त्यांना ती लावू नये, एवढे मात्र मान्य आहे. नियम पुढच्यांसाठी असावा.

मुंबईत परत येण्याविषयी दोन गोष्टी नीट वेगळ्या ठेवाव्या लागतात. अमेरिकेतला डीओ हा पूर्ण वैद्यकीय डॉक्टर आहे. तो औषधे लिहितो, शस्त्रक्रिया करतो, भूल देतो, आणि त्याखेरीज हाताने करायच्या उपचारांचे सुमारे २०० तासांचे प्रशिक्षण त्याने घेतलेले असते. ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया इथला ऑस्टिओपॅथ केवळ हातांनी उपचार करतो, औषधे लिहीत नाही. ब्रिटनमध्ये त्यांच्यासाठी १९९३ चा स्वतंत्र कायदा आणि स्वतंत्र परिषद आहे. आपल्याकडे मुंबईत दवाखान्यांच्या पाट्यांवर हे नाव दिसते ते बहुधा फिजिओथेरपीनंतर युरोपीय पद्धतीचा अभ्यासक्रम केलेल्यांचे असते. फिजिओथेरपीची राज्य परिषद वेगळी आहे, तिचा २००२ चा कायदा वेगळा आहे. इथल्या कार्यालयात अर्ज करताना टेबलावरचा माणूस आपल्या मुलीला या दुसऱ्या वर्गात धरण्याची शक्यता खरी आहे. म्हणून तिच्या महाविद्यालयाचा सविस्तर अभ्यासक्रम, विषयवार तास आणि तिथल्या राज्याच्या परवान्याची प्रमाणित प्रत या तीन गोष्टी आतापासून जपून ठेवाव्यात.

नियमांच्या बाजूने पाहता, परदेशी पदवीधरांसाठी राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाचे १८ नोव्हेंबर २०२१ चे विनियम आहेत. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, माध्यम इंग्रजी, त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, भारतात पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि त्या देशात तिथल्या नागरिकाप्रमाणेच व्यवसाय करता येईल असा परवाना, या त्यातल्या मुख्य अटी. अमेरिकेत डीओ काय आणि एमडी काय, पदवीनंतरचा चार वर्षांचा अभ्यासक्रम असतो आणि पुढचे प्रशिक्षण रेसिडेन्सीत, बहुधा दुसऱ्याच संस्थेत होते. अडचण इथे येते, आणि ती डीओ असण्यामुळे नसून अमेरिकन रचनेमुळे येते. परदेशी पदवीधरांना भारतात द्याव्या लागणाऱ्या चाळणी परीक्षेच्या जुन्या विनियमांत अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांत पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण दोन्ही पूर्ण करून तिथे नोंदणी झालेल्यांना परीक्षेतून सूट होती. मुलीची रेसिडेन्सी पूर्ण झाल्यावर, परत येण्याआधीच, तिच्या पदवीच्या नेमक्या नावाचा उल्लेख करून आयोगाला लेखी विचारावे आणि उत्तरही लेखीच घ्यावे. ते उत्तर हातात आल्यावर चिंचपोकळीला महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या कार्यालयात जावे. परिषद १९६५ च्या राज्य अधिनियमाखाली नोंदणी करते, परदेशी पदवीला मान्यता द्यायची की नाही हे ती ठरवत नाही. कोणी तोंडी 'होऊन जाईल' म्हणाले तर त्यावर विसंबू नये.

मंजिरी, पेनसिल्व्हानिया

हेमंतसर, अनुभवाविषयी तुमचे म्हणणे मी मानते. पण इथल्या अशा रुग्णालयांत त्या पाळीला दुसरा डॉक्टर उभा असतो आणि आपण त्याच्या जागी नवखा पाठवतो, असे नसते. पाळी रिकामी राहिली तर रुग्णाला तासभर दूरच्या गावी न्यावे लागते. मधला मार्ग असा की दोन वर्षांनंतर, प्रशिक्षण संस्थेच्या संचालकाच्या लेखी शिफारशीवर, पूर्ण परवाना द्यावा. हरकतीत हा पर्याय सुचवता येईल. बोर्डाला नुसता विरोध कळवण्यापेक्षा त्याने मसुद्यात घालावे असे वाक्य देणे उपयोगी पडते, हे काकांनी सांगितलेच आहे.

एक गोष्ट राहिली होती. पुढे एकाहून अधिक राज्यांत काम करायचे असेल तर आंतरराज्य वैद्यकीय परवाना करार आहे. त्याखाली २०१७ पासून परवाने मिळतात आणि आज ४० हून अधिक राज्ये त्यात आहेत. डीओही त्यात येतात. परंतु प्रत्येक परीक्षा तीनपेक्षा जास्त प्रयत्न न करता उत्तीर्ण झालेली असावी लागते आणि रेसिडेन्सी पूर्ण झालेली असावी लागते. म्हणजे राज्याचा नियम एक वर्षाचा असो वा तीन वर्षांचा, या वाटेने जाणाऱ्याला फरक पडत नाही.

शुभदा, मुलुंड

आपण तिघांनी दिलेल्या वेळेबद्दल मनापासून आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे मसुदा दोनदा वाचला. शेवटच्या कलमात अंमलबजावणीची तारीख आहे, पण आधीच प्रशिक्षणात असलेल्यांविषयी एक शब्दही नाही. सात वर्षांच्या अटीला सवलतीची तरतूदही नाही. मुलीशी काल रात्री बोलून हरकतीचा आराखडा केला आहे. तो मराठीत देते, कृपया दोष दाखवावेत.

"मी एका मान्यताप्राप्त ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयाच्या चौथ्या वर्षाची विद्यार्थिनी असून या राज्यातील रेसिडेन्सीसाठी अर्ज केला आहे. प्रस्तावित नियमामुळे पूर्ण परवान्याची अट एका वर्षावरून तीन वर्षांवर जाते. नियम अंमलात येण्याच्या दिवशी जे रेसिडेंट प्रशिक्षणात असतील त्यांना कोणता नियम लागू होईल हे मसुद्यात सांगितलेले नाही. त्यांनी जुन्या नियमावर विसंबून आर्थिक आणि कौटुंबिक निर्णय घेतलेले आहेत. म्हणून, त्या दिवशी प्रशिक्षण सुरू असलेल्या व्यक्तींना पूर्वीचाच नियम लागू राहील, असे पोटकलम जोडावे. तसेच सात वर्षांच्या मुदतीला आजारपण, बाळंतपण, लष्करी सेवा आणि दुहेरी पदवी या कारणांसाठी बोर्डाने सवलत द्यावी. तीन वर्षांची अट लहान रुग्णालयांच्या दृष्टीनेही अन्यायकारक असून ती पूर्णपणे मागे घ्यावी."

अ. वि. जोगळेकर, दादर

आराखडा चांगला आहे. दोन दुरुस्त्या सुचवतो. शेवटचे वाक्य काढावे किंवा वेगळ्या पत्रात लिहावे. आधीच्या मागण्या बोर्डाला मान्य करता येण्याजोग्या आहेत. शेवटची मागणी सगळा प्रस्तावच नाकारते, आणि दोन्ही एकाच पत्रात आल्या तर तक्ता करणारा अधिकारी संपूर्ण पत्र 'विरोध' या सदराखाली टाकतो. लहान रुग्णालयांचा मुद्दा मांडायचा असेल तर तो अशा एखाद्या रुग्णालयाने स्वतः मांडावा. त्यांच्या रिकाम्या पाळ्यांची माहिती त्यांच्याकडे असते, विद्यार्थिनीकडे नसते.

दुसरे, 'त्या दिवशी प्रशिक्षण सुरू असलेल्या व्यक्ती' असे लिहिले तर आपली मुलगीच त्यातून सुटू शकते. जागा मार्चमध्ये जाहीर होतील, पण प्रशिक्षण जुलैच्या सुमारास सुरू होते. नियम मे महिन्यात अंमलात आला तर ती त्या दिवशी 'प्रशिक्षणात' नसेल. म्हणून 'प्रशिक्षण सुरू असलेल्या किंवा त्या दिनांकापूर्वी प्रशिक्षणाच्या जागेचा स्वीकार केलेल्या व्यक्ती' असे शब्द घालावेत. पत्राच्या माथ्यावर मसुद्याचा क्रमांक आणि ज्या पोटकलमाला जोड द्यायची त्याचा क्रमांक द्यावा.

सवलतीच्या मागणीत 'बोर्डाने सवलत द्यावी' ऐवजी 'बोर्डास सवलत देता येईल' असे लिहिल्यास ती मान्य होण्याची शक्यता वाढते. आपला विवेकाधिकार राखून ठेवणारे शब्द स्वीकारायला कोणतेही मंडळ फारसे कचरत नाही.

डॉ. हेमंत, परळ

काकांनी सुचवलेला दुसरा बदल फार महत्त्वाचा आहे. आमच्याकडे प्रवेशाचे नियम ऐन वर्षात बदलले तेव्हा अशाच एका शब्दामुळे जागा मिळालेले पण रुजू न झालेले विद्यार्थी बाहेर राहिले होते. त्यांतल्या काहींचे एक वर्ष न्यायालयात गेले.

मंजिरी, पेनसिल्व्हानिया

व्यवहाराच्या काही गोष्टी सांगते. बोटांच्या ठशांची अट दिसते तेवढी अवघड नाही, पण ठसे अस्पष्ट आले म्हणून परत येण्याचे प्रमाण बरेच असते, विशेषतः दिवसभर हात धुणाऱ्या आमच्यासारख्यांचे. म्हणून प्रशिक्षण परवान्याचा अर्ज जागा जाहीर होताच करावा, जूनपर्यंत थांबू नये. महाविद्यालयाचे गुणपत्रक आणि कॉमलेक्सचे निकाल संबंधित संस्थांनी थेट बोर्डाला पाठवायचे असतात, विद्यार्थ्याने स्वतः पाठवलेल्या प्रती धरत नाहीत. राज्य वैद्यकीय मंडळांच्या महासंघाकडे कागदपत्रे एकदा पडताळून कायमची ठेवण्याची सोय आहे. तिचे शुल्क आता जड वाटेल, पण पुढे प्रत्येक राज्यात पुन्हा पुन्हा पडताळणी करून घेण्याचा वेळ वाचतो.

हरकतीची मुदत संपल्यावरही बोर्डाच्या सभांची विषयपत्रिका पाहत राहावे. पेनसिल्व्हानियात मुदत संपल्यापासून दोन वर्षांत अंतिम नियम पुढे पाठवला नाही तर प्रस्ताव मागे घेतला असे मानतात, आणि अंतिम नियमही स्वतंत्र नियामक पुनर्विलोकन आयोगापुढे जाहीर सभेत येतो. तुमच्या राज्यातही असा दुसरा टप्पा असेल तर तिथे पुन्हा बोलण्याची संधी मिळते.

आणि मुदतीच्या दिवसाची वेळ तपासून घ्या. पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे पाच म्हणजे मुंबईत त्या रात्रीचे अडीच, हिवाळ्यात साडेतीन. पत्र मुलीनेच तिथून, किमान दोन दिवस आधी पाठवावे आणि पोहोच मागून घ्यावी.